चित्रपट-तारांकन

चित्रपट पाहून आल्यावर त्याविषयीचे मत एक-दोन वाक्यांत आणि तारे, गुण, टक्के, अक्षर किंवा अंगठा अशा एखाद्या खुणेने दुसऱ्याला सांगण्याच्या पद्धतीला चित्रपट-तारांकन म्हणतात. ही समीक्षेची लहान आवृत्ती आहे असे समजले जाते, ते बरोबर नाही. चांगली समीक्षा चित्रपट पाहिल्यानंतर अधिक कळते. तारांकन मात्र ज्याने अजून पाहिलेला नाही त्याच्यासाठी असते. त्याच्यापुढे एकच प्रश्न असतो : जावे का? त्यामुळे कथा न फोडणे हा या प्रकाराचा पहिला शिष्टाचार ठरतो. चुकून कुणी शेवट सांगितलाच तर बाकीचे लगेच ‘स्पॉयलर देऊ नका’ म्हणून टोकतात.

मराठीत या कामासाठी आकड्यांपेक्षा शब्द अधिक तयार आहेत, आणि प्रत्येक शब्दाची पायरी ठरलेली आहे. ‘पैसावसूल’ म्हणजे उत्तम कलाकृती नव्हे. तिकिटाच्या दामाइतके मिळाले, एवढीच ती पावती असते. ‘टाइमपास’ त्याखाली येतो. ‘एकदा बघायला हरकत नाही’ हे वाक्य ऐकायला अनुकूल वाटते, पण ते ऐकून उठून थिएटरला जाणारा माणूस विरळा. ‘डोके घरी ठेवून जा’ यात शिफारस आणि इशारा दोन्ही आहेत. ‘डोक्यावरून गेला’ म्हणणारा चित्रपटाला नावे ठेवत नाही, स्वतःचा अनुभव सांगतो. ‘मध्यंतरानंतर ढेपाळतो’ हा शेरा तर पाचपैकी तीन ताऱ्यांपेक्षा कितीतरी नेमका आहे, कारण चित्रपट कुठे आणि कसा बिघडला ते त्यात येते. अलीकडे ‘थिएटरलाच बघ’ आणि ‘ओटीटीवर आला की बघ’ अशी नवी जोडी रुळली आहे. तिच्यात गुणवत्तेबरोबर पडद्याचा आकार, तिकिटाचा खर्च आणि संध्याकाळचा वेळ या सगळ्यांचा हिशेब असतो. ‘घरच्यांबरोबर बघता येईल का’ हा स्वतंत्र निकष आहे आणि कोणत्याही ताऱ्यात तो मावत नाही.

तारे येण्यापूर्वी लोकमताचे माप आठवड्यांत मोजले जाई. पंचवीस आठवडे म्हणजे रौप्यमहोत्सव, पन्नास म्हणजे सुवर्णमहोत्सव. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला, तो पाहून आलेल्यांनी घरी, गल्लीत, गावी जाऊन सांगितल्यामुळे. मराठीत याला आज ‘माउथ पब्लिसिटी’ म्हणतात. त्याचे सर्वांत गाजलेले हिंदी उदाहरण ‘शोले’चे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी तो लागला तेव्हा अनेक समीक्षकांनी नाके मुरडली आणि धंद्यातल्या जाणकारांनीही आशा सोडली होती. काही आठवड्यांत पाहून आलेल्या प्रेक्षकांनी चित्र पालटले आणि मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षे राहिला. महाराष्ट्रात ३० जून २०२३ रोजी आलेल्या ‘बाईपण भारी देवा’च्या वेळी हेच वेगळ्या रूपात दिसले. बायका भिशीच्या, सोसायटीच्या, शाळेतल्या मैत्रिणींच्या गटाने जात होत्या आणि परत आल्यावर पुढच्या गटाला पाठवत होत्या. त्या शिफारशीत गुण नव्हते. ‘तू जाच, आणि आईला घेऊन जा’ असे तिचे स्वरूप होते.

ताऱ्यांचा उगम

मत खुणेने दाखवण्याची कल्पना चित्रपटाहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मारियाना स्टार्क या इंग्रज लेखिकेने युरोपच्या प्रवासपुस्तकात चित्रे व शिल्पे किती पाहण्याजोगी आहेत हे उद्गारचिन्हांच्या संख्येने दाखवले. पुढे जर्मनीतील बेडेकरच्या मार्गदर्शिकांनी त्याच कामासाठी तारका वापरली. म्हणजे ताऱ्याचा मूळ अर्थ ‘किती चांगले’ असा नव्हता. ‘वाट वाकडी करून जावे का’ असा होता. चित्रपटाच्या ताऱ्यातही तोच अर्थ टिकून आहे.

वृत्तपत्रात चित्रपटांना नियमाने तारे देण्याची सुरुवात न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’मध्ये ३१ जुलै १९२८ रोजी झाली, असे मानले जाते. आयरीन थायरर या समीक्षिकेने ‘द पोर्ट ऑफ मिसिंग गर्ल्स’ या चित्रपटाला तीनपैकी एक तारा दिला. भारतात त्या काळाच्या जवळपास मत देण्याची धाटणी निराळी होती. मुंबईतून १९३५ पासून निघणाऱ्या ‘फिल्मइंडिया’ मासिकात बाबूराव पटेल तारे न देता इतके धारदार लिहीत, की निर्माते त्या पानांना वचकून असत.

फ्रान्समधील ‘काये द्यू सिनेमा’ या मासिकाने १९५०च्या दशकात ‘दहांचे मंडळ’ नावाचा तक्ता छापायला सुरुवात केली. एका बाजूला चित्रपटांची नावे, वर दहा समीक्षकांची नावे आणि चौकटींत खुणा. काळा ठिपका म्हणजे ‘तसदी घेऊ नका’, एक तारा म्हणजे ‘अगदीच वाटले तर पाहा’, दोन म्हणजे ‘पाहा’, तीन म्हणजे ‘पाहायलाच हवा’. पुढे सर्वश्रेष्ठ कृतीसाठी चौथाही तारा आला. तारांकनाच्या साऱ्या इतिहासात ही सर्वांत प्रामाणिक रचना होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दहा जणांचे मतभेद तिथे उघड्यावर राहत. वाचकाला काही महिन्यांत कळून चुके, की आपली आवड अमक्याशी जुळते आणि तमक्याला जो आवडतो तो आपल्याला झेपत नाही. फ्रान्समधील कान या चित्रपट महोत्सवात ‘स्क्रीन इंटरनॅशनल’ हे नियतकालिक असाच तक्ता छापते, पण शून्य ते चार या गुणांची सरासरीही काढते. मग बातमी होते ती सरासरीची. २०१८ मध्ये ‘बर्निंग’ या कोरियन चित्रपटाला ३.८ मिळाले तेव्हा त्याच आकड्याची चर्चा झाली.

अमेरिकेत लेनर्ड मॉल्टिन यांची चित्रपट-मार्गदर्शिका १९६९ मध्ये प्रथम निघाली. हजारो चित्रपट, प्रत्येकाला थोड्या ओळी, चारपर्यंत तारे आणि तळाशी ताऱ्याऐवजी ‘बॉम्ब’ हा शेरा. तिच्यातील ‘इझन्ट इट रोमँटिक?’ (१९४८) या चित्रपटावरचे टिपण एका शब्दाचे आहे : ‘नाही.’ शीर्षकातच प्रश्न असल्यामुळे तो एक शब्द पुरला. छोट्या मताची ताकद कशात असते ते त्यात दिसते. शिकागोचे समीक्षक रॉजर ईबर्ट चार ताऱ्यांच्या पट्टीवर लिहीत आणि तारे सापेक्ष असतात हे आवर्जून सांगत. अतिमानवी नायकाच्या चित्रपटाला दिलेले तीन तारे त्याच जातीच्या चित्रपटांशी तुलना करून दिलेले असतात, कौटुंबिक शोकांतिकेच्या तीन ताऱ्यांशी त्यांचा संबंध नसतो. हे लक्षात न घेतल्याने आजही ‘त्या मारधाडीला साडेतीन आणि या चित्रपटाला तीनच?’ अशी भांडणे होतात.

समूहाचा आकडा

१९७९ पासून सिनेमास्कोर ही अमेरिकी संस्था पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांना बाहेर पडताना कार्ड भरायला देते आणि त्यावरून अक्षरश्रेणी काढते. तो प्रेक्षक आधीच उत्सुक असतो, म्हणून तिथे साधी ‘बी’ श्रेणीसुद्धा निराशेची खूण मानतात.

त्यानंतर गणिताचा प्रश्न आला. १९९० मध्ये ब्रिटनमधील कॉल नीडहॅम यांनी सुरू केलेल्या आयएमडीबी या चित्रपट-माहितीच्या संकेतस्थळावर कुणीही दहापैकी गुण देऊ शकतो. पण शंभर जणांनी दिलेले ९ आणि दहा हजार जणांनी दिलेले ९ एकाच पारड्यात कसे तोलायचे? आयएमडीबीने आपल्या सर्वोत्तम २५० चित्रपटांच्या यादीसाठी भारित सरासरी वापरली. मते कमी असतील तर चित्रपटाचे गुण सर्व चित्रपटांच्या सरासरीकडे ओढले जातात. समजण्यासाठी मानू, की सर्वसाधारण सरासरी ७ आणि उंबरठा १,००० मतांचा आहे, म्हणजे प्रत्येक चित्रपटाच्या मतांत ७ गुणांची आणखी १,००० मते मिसळायची. मग १०० मतांचा ९ गुणांचा चित्रपट ७.१८ वर येतो आणि १०,००० मतांचा ९ गुणांचा चित्रपट ८.८२ वर राहतो. प्रत्यक्षात या यादीसाठी किमान २५,००० मते लागतात. मराठी चित्रपटांना इतकी मते मिळणे दुर्मीळ. त्यामुळे ते या यादीत दिसत नाहीत, याचा त्यांच्या गुणवत्तेशी काहीही संबंध नाही.

१९९८ मध्ये सुरू झालेल्या, समीक्षकांची मते एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाचा टक्का सर्वाधिक चुकीचा वाचला जातो. ९० टक्के म्हणजे दहापैकी नऊ गुण नव्हेत. शंभरातील नव्वद समीक्षकांचे मत एकंदर अनुकूल आहे, इतकेच त्यातून कळते. सगळ्यांनी ‘ठीक आहे, बघा’ म्हटले तरी टक्का शंभर होतो. निम्म्यांनी डोक्यावर घेतले आणि निम्म्यांनी आपटले तर पन्नास. पहिला चित्रपट दोन दिवसांत विसरला जातो आणि दुसरा वीस वर्षे भांडायला पुरतो, हे टक्क्यात कुठेच उमटत नाही.

नेटफ्लिक्सने शिफारशींचे गणित दहा टक्क्यांनी सुधारण्यासाठी २००६ मध्ये दहा लाख डॉलरांचे बक्षीस लावले आणि २००९ मध्ये ते दिले. पुढे २०१७ मध्ये त्यांनी पाच तारेच काढून टाकून अंगठा आणला. लोक गंभीर माहितीपटाला भरघोस तारे देत आणि रात्री हलकाफुलका विनोदी कार्यक्रम लावून बसत, हे त्यांच्या लक्षात आले होते. तारे देताना माणूस चित्रपटाबरोबर स्वतःच्या अभिरुचीचीही नोंद करत असतो. त्यात खोटेपणा नाही. ‘चांगला आहे’ आणि ‘मला आवडला’ ही दोन वेगळी विधाने एका खुणेत कोंबली की असेच होणार.

दुरुपयोग आणि न्यायालये

समूहाच्या आकड्याला एक मोठा धोका आहे. चित्रपट न पाहताच, कलाकारावरच्या किंवा विषयावरच्या रागातून एक-एक तारा देणाऱ्यांची लाट येते, आणि उलट दिशेने चाहत्यांची दहापैकी दहाची लाटही येते. मधल्या गुणांची माणसे मत द्यायला फारशी येत नाहीत. रॉटन टोमॅटोजने २०१९ मध्ये प्रदर्शनापूर्वीच्या प्रेक्षकटिप्पण्या बंद केल्या आणि तिकीट काढल्याची खातरजमा झालेल्या प्रेक्षकांचा आकडा वेगळा दाखवायला सुरुवात केली.

भारतात हा वाद न्यायालयात गेला. २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे हेतुपुरस्सर नकारात्मक मतांचा प्रश्न आला. न्यायालयाला सल्ला देण्यासाठी नेमलेल्या वकिलाने (न्यायमित्राने) २०२४ मधील अहवालात प्रदर्शनानंतर ४८ तास परीक्षणे टाळावीत असे सुचवले. डिसेंबर २०२४ मध्ये तमिळ निर्मात्यांच्या संघटनेने पहिले तीन दिवस परीक्षणांवर बंदी मागितली, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याकडे बोट दाखवून अंतरिम बंदी नाकारली. ते योग्यच झाले. शुक्रवारी सकाळी तिकिटाचे पैसे मोजणाऱ्याने सोमवारपर्यंत तोंड मिटून बसावे, ही अपेक्षा प्रेक्षकावर अन्याय करणारी आहे. पैसे घेऊन लिहिलेल्या मताचा प्रश्न खरा आहे, पण त्याचा उपाय मौन हा नव्हे.

नोंदवही

२०११ मध्ये न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे सुरू झालेल्या लेटरबॉक्सड या संकेतस्थळाने तारांकनाला रोजनिशीचे रूप दिले. अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत गुण, पाहिल्याची तारीख आणि हवे तर एक ओळ. तारीख आल्याने मोठा फरक पडला. तोच चित्रपट पाच वर्षांनी पुन्हा पाहिला आणि अडीचाचे चार झाले, तर दोन्ही नोंदी राहतात; बदललेला चित्रपट नसतो, पाहणारा असतो. आपल्याकडे अशा वह्या पूर्वीही होत्या. फिल्म सोसायट्यांचे सभासद दिग्दर्शकाचे नाव, वर्ष आणि समोर एखादा शेरा लिहून ठेवत.

महोत्सवांत हा व्यवहार सर्वांत वेगाने चालतो. रॉटरडॅममध्ये प्रेक्षकाला एक ते पाच आकड्यांची कागदी पट्टी मिळते आणि योग्य आकड्याशी ती फाडून पेटीत टाकायची असते. पुण्याच्या महोत्सवात किंवा २००४ पासून गोव्यात भरणाऱ्या इफ्फी या भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात पट्टीची गरज भासत नाही. पुढच्या खेळाच्या रांगेत उभे राहिले की मागून प्रश्न येतोच : ‘सकाळचा इराणी कसा होता?’ उत्तर तीन-चार शब्दांचे असते, आणि त्यावर अनोळखी माणसे दुपारचा बेत बदलतात.

परदेशातील मराठी माणसांसाठी हे मत अधिक निकडीचे असते. तिथे मराठी चित्रपटाचा एखादाच खेळ, बहुधा शनिवारी-रविवारी, अनेकदा महाराष्ट्र मंडळाच्या पुढाकाराने लागतो आणि थिएटर तासाभराच्या ड्रायव्हिंगवर असते. आकड्यात पाहावी इतकी मते तोवर जमलेलीच नसतात. शनिवारचा खेळ पाहिलेल्याने गाडीत बसण्यापूर्वी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेली ओळ, ‘मुलांना कळेल, खाली इंग्रजी ओळी आहेत, आजीला नक्की न्या’, रविवारच्या खुर्च्या भरते.