पुनर्वापराच्या ॲल्युमिनियममधील लोहाचे निर्मूलन

भंगारापासून मिळवलेल्या ॲल्युमिनियममधील लोहाचे प्रमाण घटवण्याच्या किंवा त्याचे दुष्परिणाम आटोक्यात ठेवण्याच्या पद्धतींना ही संज्ञा लावली जाते. भंगार वितळवण्यास खनिजापासून धातू मिळवण्याच्या तुलनेत सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. मात्र पुनर्वापराच्या प्रत्येक फेरीत धातूत थोडे लोह शिरते आणि एकदा शिरलेले लोह सहजासहजी निघत नाही.

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या पुण्याच्या वाहननिर्मिती पट्ट्यात या प्रश्नाचे महत्त्व विशेष आहे. मोडीत निघालेल्या इंजिनात पोलादी बोल्ट, बुश (छिद्रात बसवलेल्या नळ्या) आणि बिडाचे लायनर (सिलिंडरचे अस्तर) घट्ट बसलेले असतात. द्रव ॲल्युमिनियममध्ये ६५५° से. तापमानाला सुमारे १.८ टक्के लोह विरघळते, तर घनरूपात जेमतेम ०.०५ टक्के मावते. उरलेले लोह थिजताना सिलिकॉनसह ठिसूळ, पातळ पापुद्र्यांच्या रूपात वेगळे होते. घासून चकचकीत केलेल्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली हे पापुद्रे सुयांसारखे दिसतात. तडे तेथूनच सुरू होतात.

भंगारातून आलेले मॅग्नेशियम वितळलेल्या धातूतून क्लोरीनच्या साहाय्याने काढता येते. लोहाबाबत तो मार्ग बंद आहे, कारण ॲल्युमिनियम लोहापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने क्लोरीनशी आधी त्याचाच संयोग होतो. म्हणून भट्टीपूर्वीची निवड हाच सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय होय. तुकडे केलेल्या भंगारातून चुंबक पोलाद ओढून घेतो. स्टेनलेस स्टीलचे बरेचसे स्क्रू मात्र त्याला दाद देत नाहीत आणि ते हाताने वेचावे लागतात. उतरत्या तळाच्या भट्टीत ॲल्युमिनियम वितळून वाहून जाते आणि पोलादी भाग तळावरच राहतात.

विरघळलेल्या लोहावर शुद्ध धातू मिसळून ते विरळ करणे हा रूढ उपाय आहे. लोहाच्या साधारण निम्म्या प्रमाणात मँगनीज घातल्यास पापुद्र्यांऐवजी कमी घातक, आटोपशीर स्फटिक तयार होतात. मँगनीज वाढवून रस (वितळलेला धातू) कमी तापमानाला स्थिर ठेवल्यास हे जड स्फटिक गाळ होऊन तळाशी बसतात, पण त्यांच्याबरोबर ॲल्युमिनियमही वाया जाते.

लोहाची मर्यादा वस्तूनुसार बदलते. चाकांसाठीच्या ए३५६ मिश्रधातूत ते ०.२ टक्क्यांच्या आत लागते. याउलट डायकास्टिंगच्या (रस दाबाने पोलादी साच्यात भरून वस्तू बनवण्याच्या) एडीसी१२ मिश्रधातूमध्ये १.३ टक्क्यांपर्यंत चालते, कारण लोहामुळे रस पोलादी साच्याला चिकटत नाही.