नागपूरच्या घरासाठी कुत्रा निवडताना आधी त्याचं नाक बघा

२३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. दर मे महिना इतका टोकाचा नसतो, पण नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागला की ४५ अंशांचं इथे कोणाला नवल वाटत नाही. कुत्र्याच्या शरीराचं तापमान एरवी ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं. म्हणजे भर दुपारी भोवतालची हवा त्याच्या अंगापेक्षा जास्त तापलेली असते. अशा हवेत शरीरातली उष्णता आपोआप बाहेर जात नाही, उलट बाहेरची उष्णता अंगात शिरते. मग शरीर थंड ठेवायला एकच उपाय उरतो, तो म्हणजे पाण्याची वाफ करणं.

घरात कुत्रा आणायचं ठरलं की चर्चा स्वभावापासून सुरू होते. मुलांना सांभाळून घेईल का, आजीच्या अंगावर उडी मारेल का, राखण करेल का? लॅब्राडोर प्रेमळ, जर्मन शेफर्ड हुशार, शिह त्झू फ्लॅटला बरा, पग म्हणजे काहीच त्रास नाही, हे शेरे आपण सगळ्यांनी ऐकलेले आहेत. माझं मत असं की, नागपूरकरांनी सुरुवात शरीरापासून करावी. जातीच्या नावावरून शरीराबद्दल बरंच काही खात्रीने सांगता येतं. स्वभावाबद्दल मात्र त्या मानाने फार थोडं.

आपल्याला सर्वांगाला घाम येतो. कुत्र्याला तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना येतो आणि शरीर थंड करण्याच्या कामी त्याचा फारसा उपयोग होत नाही. कुत्र्याचा खरा आधार म्हणजे धापा टाकणं. लांब नाकाच्या आत कागदासारख्या पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात. त्यांच्यावर ओलसर अस्तर असतं आणि त्या अस्तरात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. नाकातल्या एका ग्रंथीतून हे अस्तर सतत ओलं राखलं जातं. कुत्रा धापा टाकतो तेव्हा हवा बहुतांशी नाकाने आत येते आणि तोंडावाटे बाहेर पडते, हे प्राणिशरीरशास्त्रज्ञ क्नूट श्मिट-नील्सन यांनी १९७० च्या सुमारास दाखवून दिलं. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना जवळपास २४०० ज्यूल उष्णता निघून जाते. नाकात गार झालेलं रक्त परत शरीरात फिरतं. आपल्या खिडकीतला कूलर ओल्या खशीतून हवा ओढतो, अगदी तेच काम कुत्र्याचं नाक करतं.

यातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग श्वासाच्या वेगाचा आहे. विसावलेला कुत्रा मिनिटाला वीस-तीस श्वास घेतो, तर धापा टाकताना तो तीनशेच्या वर जातो. एवढ्या जोरात श्वास घ्यायचा तर त्या कष्टानेच अंग आणखी तापायला हवं. तसं होत नाही, कारण झोपाळ्याला जशी स्वतःची एक लय असते तशी छातीच्या पिंजऱ्यालाही असते आणि कुत्रा नेमक्या त्याच लयीवर धापा टाकतो. त्यामुळे फार थोड्या श्रमात हवा आत-बाहेर होत राहते. श्वासाचा मार्ग मोकळा असेल तरच हे जमतं.

पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग आणि शिह त्झू यांच्यात तो मोकळा नसतो. माणसाने निवड करत करत त्यांचा जबडा आणि नाकाचं हाड आखूड केलं, पण आतले मऊ भाग त्या प्रमाणात लहान झाले नाहीत. नाकपुड्या चिमटलेल्या राहतात, टाळूचा मऊ भाग श्वासाच्या वाटेवर लोंबतो, हाडांच्या गुंडाळ्या दाटीवाटीने कोंबलेल्या असतात. पग झोपेत घोरतो म्हणून घरच्यांना कौतुक वाटतं. खरं तर ते घोरणं अडलेल्या श्वासाचं लक्षण असू शकतं. असा कुत्रा धापा टाकायला लागला की श्वासाच्या ओढीने घशातले भाग सुजतात, वाट आणखी अरुंद होते, आणि उष्णता घालवण्यापेक्षा जास्त तयार होते.

ब्रिटनमधल्या नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासून २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लॅब्राडोरशी तुलना करता उष्माघाताचा धोका दाट केसांच्या चाऊ चाऊ जातीत सुमारे सोळा पट, बुलडॉगमध्ये चौदा पट, फ्रेंच बुलडॉगमध्ये सहा पट आणि पगमध्ये तीन पट आढळला. हा हिशेब ब्रिटनच्या उन्हाळ्यातला आहे, हे नागपूरकरांनी मनात ठेवावं. त्याच अभ्यासात आपल्या जातीच्या सरासरीपेक्षा जाड असलेल्या कुत्र्यांनाही धोका जास्त निघाला.

घरात कूलर आहे, मग काय अडचण, असं कोणी म्हणेल. कूलर जरूर हवा, पण खोलीची दुसरी खिडकी उघडी ठेवूनच. बंद खोलीत कूलर चालत राहिला की हवा दमट होते आणि दमट हवेत पाण्याची वाफ नीट होत नाही. मग कूलर आणि कुत्र्याचं नाक दोन्ही एकाच वेळी हरतात. म्हणूनच मेच्या कोरड्या उन्हाइतकाच जूनमधला पहिल्या पावसानंतरचा उकाडा कुत्र्यासाठी घातक असतो. पारा दहा अंश खाली आलेला असतो, त्यामुळे आपण निर्धास्त होतो आणि संध्याकाळी पाच वाजताच त्याला फिरायला नेतो.

सायबेरियन हस्की आणि सेंट बर्नार्ड यांच्याबद्दल लांबण लावत नाही. बर्फासाठी घडलेलं दुहेरी केसांचं अंग घेऊन आलेला प्राणी विदर्भात आणू नये. दिवसभर एसी लावू म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात वीज किती वेळा जाते ते आठवावं.

लॅब्राडोर या कसोटीत बरा उतरतो, म्हणूनच त्याच्याबद्दल थोडं सावध करतो. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना असं दिसलं की ब्रिटनमधल्या जवळपास एक चतुर्थांश लॅब्राडोरांमध्ये पोटभर झाल्याचा निरोप देणाऱ्या एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो. असा कुत्रा खरोखरच भुकेला असतो. त्याने केविलवाणं पाहिलं की आजोबा पोळीचा तुकडा टाकतात, मुलं बिस्किट देतात, आणि वर्षभरात कुत्रा गोल होतो. त्यात या जातीत आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष आनुवंशिक आहे. सांध्यावर भार, अंगावर चरबी आणि बाहेर ऊन हे तिन्ही एकत्र येऊ द्यायचं नसेल, तर लॅब्राडोरला कोण काय खायला देणार हे घरात आधीच ठरलेलं असावं.

आता स्वभाव. अमेरिकेत १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून आणि दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकं तपासून २०२२ मध्ये एक मोठा अभ्यास समोर आला. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक असतो, त्यातला जेमतेम ९ टक्के भाग जातीवरून समजावून सांगता येतो. सांगितलेलं ऐकण्याची वृत्ती जातीशी थोडी जास्त जोडलेली निघाली, चटकन भडकण्याची वृत्ती जवळजवळ नाहीच. ‘ही जात मुलांना चावत नाही’ अशी हमी कोणी देत असेल, तर तिला आधार नाही.

मग आधार कशात शोधायचा? पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या काळात. या दिवसांत जी माणसं, आवाज, वास त्याच्या वाट्याला येतात ते त्याला आयुष्यभर ओळखीचे वाटतात. या काळात मुलं कधी पाहिलीच नाहीत, तर पुढे धावणारं, किंचाळणारं मूल त्याला भीतिदायक वाटू शकतं आणि चावण्यामागे बहुधा भीतीच असते. म्हणून पिल्लू कुठे वाढलंय ते स्वतः जाऊन बघा. आईसोबत घरात आहे की पिंजऱ्यात? आई अनोळखी माणसाजवळ येते की कोपऱ्यात दबून बसते? आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकणं २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार बेकायदा आहे. ‘महिन्याचं आहे, लगेच घेऊन जा’ म्हणणाऱ्याकडून घेऊच नका.

या सगळ्याचा विचार केला की माझी पहिली पसंती आपल्या गावठी कुत्र्याला जाते. मध्यम अंग, लांब नाक, आखूड केस, उभे कान. हजारो वर्षं याच उन्हात जी पिल्लं तगली त्यांचीच ही संतती. कारवान किंवा मुधोळ हाउंडही उन्हाला पक्के असतात, पण ते सशांचा पाठलाग करायला घडलेले शिकारी आहेत. रोज मोकळं धावायला मैदान नसेल तर मनीष नगरच्या तिसऱ्या मजल्यावर ते कुढतात. गावठी पिल्लू मोठेपणी कसं निघेल अशी धास्ती वाटत असेल, तर दोन-तीन वर्षांचा, संस्थेने सांभाळलेला कुत्रा घ्या. पिल्लावरून मोठेपणीचा स्वभाव ओळखणं अवघड असतं. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो. मुलांना घेऊन चार वेळा भेटून या.

जात कुठलीही असो, गोचीड कोणाला सोडत नाही. लशी आणि गोचीडतापाचं औषधपाणी यांचा खर्च आधीच धरून चला. सेमिनरी हिल्सवर १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कुत्रा आणण्याआधीच तिथल्या किंवा जवळच्या पशुवैद्यांशी बोलून घ्यावं. आणि उन्हाळ्यात कुत्रा लडखडला, जीभ गडद लाल पडली, तर आधी सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, पंखा लावा, मगच गाडीत घालून दवाखाना गाठा. फक्त गच्चीवरच्या टाकीचं पाणी घेऊ नका, दुपारी ते कढत असतं. माठातलं किंवा बोअरचं घ्या.

आणायचा महिनाही महत्त्वाचा. गल्लीतल्या कुत्र्या बहुतेक हिवाळ्याच्या तोंडी वितात. डिसेंबर-जानेवारीत घरी आलेल्या पिल्लाला पहिली फेरी, पहिली मुलं, पहिला रिक्षाचा आवाज हे सगळं थंड हवेत अनुभवता येतं आणि एप्रिल उजाडेपर्यंत त्याच्या लशी पूर्ण झालेल्या असतात.