किनेफचा किनारा : निघण्याआधी एवढं वाचाच

नमस्कार,

स्कॉटलंडच्या सहलीतला एक अख्खा दिवस आम्ही किनेफला देतो. "एवढ्याशा गावात बघायचं काय?" असं कोणीतरी विचारतंच, म्हणून हे पत्रक. किनेफ ही ॲबर्डीनच्या दक्षिणेला, उत्तर समुद्राकाठची छोटी पॅरिश आहे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वाड्यावस्त्यांचा टापू.

इथल्या पाट्यांवर गेलिक आणि स्कॉट्स अशा दोन भाषा शेजारी शेजारी नांदतात. किनेफमधलं 'किन' गेलिक, म्हणजे डोकं किंवा टोक. शेजारच्या इन्व्हरबर्व्हीतलं 'इन्व्हर' म्हणजे नदीचं मुख; बर्व्ही नदी तिथेच समुद्राला मिळते. टॉडहेडचा 'टॉड' हा स्कॉट्समधला कोल्हा. त्या टोकावरचं दीपगृह १८९७ सालचं, पण २००७ पासून दिवा बंद आहे. उत्तरेकडच्या फाउल्सह्यूमधलं 'ह्यू' म्हणजे उभा कडा. पक्ष्यांचा कडा हे नाव किती चपखल आहे, ते एप्रिल ते जुलैमध्ये गेलात की आधी कानांना कळतं.

पण खरा वेळ ठेवा तो किनेफच्या जुन्या चर्चसाठी. १६५१ साली, इंग्लंडमधली राजसत्ता उलथवणाऱ्या क्रॉमवेलच्या फौजेने इथून जवळच्या डनॉटरच्या किल्ल्याला वेढा घातला. आत स्कॉटलंडचा मुकुट, राजदंड आणि राजतलवार होती. इंग्लंडची राजचिन्हं आधीच वितळवली गेली होती, तेव्हा इथेही तेच होणार हे उघड होतं. किनेफचे पाद्री जेम्स ग्रेंजर आणि त्यांची पत्नी क्रिश्चन फ्लेचर यांनी ती वाचवली. कोणी सांगतात क्रिश्चनबाईंनी ती किल्ल्यातून स्वतः लपवून आणली, कोणी सांगतात समुद्री शेवाळ गोळा करणाऱ्या मोलकरणीकडे कड्यावरून खाली सोडली. पुढचं मात्र ग्रेंजर यांच्याच पत्रात आहे: रात्री व्यासपीठासमोरची फरशी उचलली, खड्डा खणला, मुकुट आणि राजदंड त्यात ठेवले, तलवार पश्चिमेच्या टोकाला साध्या बाकांच्या मध्ये जमिनीत पुरली. मे १६५२ मध्ये किल्ला पडला, पण शत्रूच्या हाती काही लागलं नाही. १६६० मध्ये राजा दुसरा चार्ल्स गादीवर परतेपर्यंत सगळं तिथेच राहिलं. एडिनबरा किल्ल्यात काचेआड दिसतो तो हाच मुकुट. आमचा आग्रह आहे, आधी किनेफ बघा, मग एडिनबरा.

आज उभी असलेली इमारत १७३८ सालची आहे. आत ग्रेंजर दांपत्याचं स्मारक आहे. तिथे दोन मिनिटं थांबा.

जवळच कॅटरलाइन आहे. कड्यावर घरांची एक रांग आणि खाली छोटं बंदर. चित्रकार जोन अर्डली यांनी इथल्या वादळी लाटा किनाऱ्यावर उभं राहून रंगवल्या. १९६३ मध्ये त्या गेल्या, त्यांच्या अस्थी याच किनाऱ्यावर विखुरल्या. क्रॉटन ही कोळ्यांची वस्ती तर १९२७ पर्यंत ओस पडली. आता पडक्या भिंती उरल्यात.

कड्यावरची वाट अरुंद असते आणि गवत ओलं. चपला चालणार नाहीत, पकड असलेले बूट घाला. वारा फार, म्हणून छत्रीऐवजी रेनकोट घ्या. मुलांचा हात सोडू नका.