‘सेट’ची गादी ‘रन’कडे कशी गेली

इंग्रजीत सर्वाधिक अर्थ कोणत्या शब्दाचे, याचे उत्तर सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत वर्षानुवर्षे ‘सेट’ असेच छापून येई. आधार होता ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या १९८९ च्या वीस खंडी आवृत्तीचा. तीत ‘सेट’ या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ होते. सूर्य मावळणे, जेली घट्ट होणे, मोडलेले हाड बसवणे, परीक्षेचा पेपर काढणे, सगळे एकाच नोंदीत.

२०११ मध्ये बातमी आली, की ‘रन’ ६४५ अर्थांनिशी पुढे गेले. श्रेय यंत्रयुगाला दिले गेले. आधी गिरण्या आणि आगगाड्या, मग संगणकाचे प्रोग्राम, सारेच ‘रन’ होऊ लागले. त्यात तथ्य आहे. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचे मुख्य काम धावणे आणि वाहणे एवढेच; कंपनी चालवणे, निवडणूक लढवणे ही पुढची भर. (ब्रिटनमधला उमेदवार अजूनही बहुधा ‘स्टँड’च करतो.)

पण खरी मेख कोशाच्या कामकाजात आहे. पहिली आवृत्ती १८८४ ते १९२८ अशी हप्त्याहप्त्याने निघाली. सुरुवातीच्या अक्षरांच्या वेळी संपादनाची घडी पुरती बसलेली नव्हती, म्हणून तिसऱ्या आवृत्तीच्या संपादकांनी ‘ए’ सोडून ‘एम’पासून फेरसंपादन सुरू केले. परिणाम असा, की सर्वांत मोठ्या नोंदीचा मान २००० मध्ये ‘मेक’ला, २००७ मध्ये ‘पुट’ला आणि मग ‘रन’ला मिळाला. हा क्रम वर्णमालेचाच आहे! ‘सेट’ची पाळी तेव्हा आलीच नव्हती. १९८९ ची आवृत्ती म्हणजे मुख्यतः जुना मजकूर आणि पुरवण्या यांची जोडणी; त्यामुळे ‘रन’चा ताजा हिशेब ‘सेट’च्या जुन्या खतावणीशी ताडला गेला. याला शर्यत म्हणणे ‘सेट’वर अन्यायच आहे.

शिवाय अर्थ म्हणजे नेमके काय मोजायचे? ‘रन आउट’, ‘रन अप’, ‘रन डाउन’ यांसारखे जोडप्रयोग आणि त्यांचे पोटअर्थही त्या ६४५ मध्ये धरलेले आहेत. एक संपादक ज्याला स्वतंत्र अर्थ मानील, तो दुसऱ्याला आधीच्याच अर्थाची छटा वाटेल. आणि हा आकडा फक्त क्रियापदाचा. आपल्याकडे ज्या ‘रन’वरून गल्लोगल्ली भांडणे होतात, ते क्रिकेटमधले नाम, त्याची नोंद वेगळी आहे.