मरीन प्लायला सीलिंग लागत नाही?

लहान बोटीचा कुजलेला फ्लोअर बदलताना ‘मरीन प्लाय (बोटींसाठी बनवलेला प्लायवूड) घातला की सीलिंगची, म्हणजे पाणी शिरू नये म्हणून लेप देण्याची, गरज नाही’ असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. बीएस १०८८ या ब्रिटिश मानकानुसार बनवलेल्या प्लायमध्ये पाण्याने न सुटणारा ग्लू असतो आणि आतल्या थरांत पोकळ्या जवळपास नसतात, त्यामुळे थर सुटे होण्याची भीती कमी होते. पण लाकूड ते लाकूडच, आणि ते सतत ओले राहिले की त्याला बुरशी धरतेच.

पाणी मुख्यतः कापलेल्या कडांतून आणि स्क्रूच्या भोकांतून शिरते. म्हणून नवा तुकडा बसवण्याआधीच त्याच्या दोन्ही बाजूंना व सर्व कडांना इपॉक्सीचे (दोन घटक मिसळल्यावर कडक होणाऱ्या रेझिनचे) दोन-तीन हात द्यावेत; कडा पहिला हात अक्षरशः पिऊन टाकतात, तेव्हा तेथे तो चिकट असतानाच पुन्हा लावावा. स्क्रूची भोके मुद्दाम मोठी पाडून इपॉक्सीने भरावीत आणि ते कडक झाल्यावर त्यातूनच बारीक भोक पाडावे. हे काम कंटाळवाणे खरे, पण टाळण्यासारखे नाही. नुसता वरून रंग मारणे तर फसवेच, कारण खालून शिरलेली ओल मग आतच कोंडते.

ॲल्युमिनियमच्या बोटीत तांबेयुक्त रसायनाची प्रक्रिया केलेला प्लाय मात्र वापरू नये; त्याने धातूच खाल्ला जातो.