व्हिजन स्टेटमेंट आलं कुठून?

पुढे कसं जगायचंय ते चार ओळींत लिहून काढा, असा सल्ला आज करिअर समुपदेशकांपासून एचआरवाल्यांपर्यंत सगळेच देतात. या व्हिजन स्टेटमेंटचं मूळ शोधताना अनेक जण थेट रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसपर्यंत पोचतात. दुसऱ्या शतकात त्याने स्वतःपुरती टिपणं लिहिली हे खरं. पण पुढे आपण कोण होणार याचं चित्र त्यांत नाही. राग कसा आवरायचा, माणसांशी कसं वागायचं, अशी स्वतःलाच दिलेली समज आहे.

हा सूर बराच काळ टिकला. अमेरिकेतला तरुण धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स याने १७२२-२३ मध्ये ७० संकल्प लिहिले आणि ते आठवड्यातून एकदा वाचायचे, अशी सूचनाही स्वतःला देऊन ठेवली. बेंजामिन फ्रँकलिन त्याहून हिशेबी. त्याने १३ गुण ठरवले, छोट्या वहीत सात वारांचे रकाने आखले आणि चुकलं की काळा ठिपका द्यायचा असा नेम केला. आठवड्याला एका गुणावर भर, म्हणजे वर्षात चार फेऱ्या. (व्यवस्थितपणाने सर्वांत जास्त छळलं, अशी कबुली त्याच्या आत्मचरित्रात आहे.) ठिपका देता येईल असंच लिहायचं, हा या वह्यांचा विशेष.

आजच्या व्हिजन स्टेटमेंटचं घराणं मला वेगळं वाटतं: कंपन्यांचं. जॉन्सन अँड जॉन्सनचं ‘क्रेडो’, म्हणजे कंपनीची तत्त्वं सांगणारं निवेदन, १९४३ चं. व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये उद्दिष्टं ठरवून कारभार करण्याची पद्धत मांडली. पुढे मिशन स्टेटमेंट, म्हणजे कंपनी कशासाठी आहे याचं निवेदन, लिहिणं कंपन्यांच्या अंगवळणी पडलं. १९८९ मध्ये लेखक स्टीफन कव्ही यांनी तीच गोष्ट माणसाला लावली: आपल्या अंत्यविधीला लोकांनी आपल्याबद्दल काय बोलावं याची कल्पना करा आणि त्यावरून स्वतःची राज्यघटना लिहा. लगेच १९९० मध्ये व्यवस्थापनाचे अभ्यासक पीटर सेंगे यांनी सांगितलं, की संस्थेचं सामायिक स्वप्न माणसांच्या वैयक्तिक स्वप्नांतूनच उभं राहतं. म्हणजे कर्मचाऱ्याने आपलं स्वप्न कागदावर उतरवण्यात मालकाचाही फायदा होताच. कित्येकांची स्टेटमेंटं वार्षिक अहवालासारखी का वाटतात, याचं उत्तर बहुधा इथे आहे.

प्रचाराला एक दंतकथाही मिळाली. येल विद्यापीठाच्या १९५३ च्या तुकडीत ध्येयं लिहून ठेवणारे ३ टक्के विद्यार्थी होते आणि २० वर्षांनी त्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकूण संपत्तीहून जास्त भरली, असं व्याख्यानांतून सर्रास सांगतात. असा अभ्यास झालेलाच नाही.

झालेला अभ्यास साधा आहे. मानसशास्त्रज्ञ लॉरा किंग यांनी २००१ मध्ये ८१ विद्यार्थ्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. सलग चार दिवस, रोज २० मिनिटं लिहायचं. सगळं मनासारखं घडलं तर आपलं आयुष्य कसं असेल, हा काहींचा विषय होता. त्यांना तीन आठवड्यांनी जास्त समाधानी वाटत होतं आणि पाच महिन्यांनी त्यांची आजारपणंही तुलनेने कमी दिसली. लिहिलेलं प्रत्यक्षात आलं का, हे त्यात मोजलेलं नव्हतं.