वाफेच्या भट्टीतला ठोकळा

बडोद्यात वाघोडिया रोडच्या बाजूला नव्या इमारतींच्या साइटवर राखाडी एएसी ब्लॉकच्या, म्हणजे वाफेत पक्क्या केलेल्या सच्छिद्र, हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या थप्प्या दिसतात. 600 मिलिमीटर लांब, 200 उंच, 200 जाड. एवढा भरीव काँक्रीटचा ठोकळा 55-60 किलो भरेल. हा कोरडा असताना जेमतेम 15. गवंडी तो एकटा उचलतो, चक्क करवतीने कापतो.

त्यात असतं काय? राख किंवा बारीक दळलेली वाळू, चुना, सिमेंट, थोडं जिप्सम आणि किंचित ॲल्युमिनियमची पूड. चुन्याच्या पाण्यात ॲल्युमिनियम हायड्रोजन सोडतं आणि लगदा ढोकळ्यासारखा फुगतो. क्रम मात्र उलटा: ढोकळा वाफवून मग कापतात, हा आधी तारेने कापून मग वाफेत ठेवतात. ही युक्ती 1920च्या दशकात स्वीडनचे वास्तुविशारद योहान आक्सेल एरिक्सन यांनी काढली.

वाफेची टाकी म्हणजे लांबलचक पोलादी नळकांडं. आत साधारण 190 अंश सेल्सिअस आणि 12 बार दाब (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेइतका दाब), आठ ते बारा तास. दाबामुळे ब्लॉक दाबून घट्ट होतो, असं पुष्कळांना वाटतं. पण वाफ त्याच्या छिद्रांतही शिरते, मग दाबणार कोण? दाबाचं काम वेगळंच. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, त्याला पाण्याशी रासायनिक क्रिया लागते. आणि 180 अंशांना पाणी पातळ ठेवायचं तर निदान 10 बार दाब हवाच. तो नसेल तर पाणी उडून जाईल आणि क्रिया तिथेच थांबेल.

खरी गंमत वाळूची. घराच्या भिंतीत ती वर्षानुवर्षं स्वस्थ पडून असते. या उष्ण, चुनकट पाण्यात मात्र तिचे कण विरघळू लागतात, त्यांतली सिलिका चुन्याला भेटते आणि टोबरमोराइट नावाच्या खनिजाचे पातळ पापुद्र्यांसारखे स्फटिक तयार होतात. ब्लॉकची ताकद त्यांचीच. साध्या काँक्रीटची ताकद 28 दिवसांनी मोजायचा रिवाज आहे. हा ब्लॉक टाकीतून बाहेर येतो तोच तयार.

नुसती उष्णता वाढवून भागत नाही, हे तेलविहिरीवाल्यांना पक्कं ठाऊक. बडोद्याच्या दक्षिणेला अंकलेश्वरला 1960 साली तेल लागलं. कुठल्याही तेलविहिरीत पोलादी पाइप आणि खडक यांच्यामधली फट सिमेंटने भरतात. विहीर खोल असेल आणि तापमान 110 अंशांच्या वर गेलं, तर साधं सिमेंट आधी झटपट कडक होतं आणि पुढे काही दिवसांत ताकद गमावतं. द्रव झिरपू लागतात. कारण सिलिका कमी पडते आणि चुन्याचं प्रमाण जास्त असलेले, जागा कमी व्यापणारे स्फटिक बनतात. उपाय जुनाच: सिमेंटच्या वजनाच्या 35 ते 40 टक्के सिलिकेची पूड. ती घातली की इथेही टोबरमोराइट तयार होतं, आणखी गरम विहिरीत झोनोटलाइट हे त्याच्याच जातीचं खनिज. तरीही पंप करण्याआधी नमुना प्रयोगशाळेत विहिरीइतक्याच तापमानाला आणि दाबाला ठेवून तपासतात. पाइपमागे गेलेलं सिमेंट दुरुस्त करणं फार महागात पडतं.